तालाची डबी

बाबा, तुमच्या धाकट्याने ताल विकत आणला आहे. साबणाच्या वडीएवढी काळी डबी आहे, तिच्यावर एक बटण आणि एक लुकलुकणारा लाल दिवा. त्याच्या गिटारचा आवाज आता सरळ स्पीकरमध्ये जात नाही. आधी तो पायाशी मांडलेल्या तीन पेडलांतून फिरून येतो. एक पेडल त्याचा प्रतिध्वनी पाडतं, दुसरं त्याला थरथरवतं, तिसरं त्याला लाटेसारखं वरखाली करतं. पूर्वी हे तिघे आपापल्या मर्जीने चालत. आता तिघांच्या वायरी या डबीत आल्या आहेत. पायाने बटण दोन-तीनदा दाबायचं, की डबी दोन दाबांमधलं अंतर मोजते आणि तिघांना एकाच तालात हाकते. एवढीच गोष्ट आहे, पण मला ती समजावून सांगताना तुमच्या मुलाने असा चेहरा केला होता, जणू देऊळघाटात वीज पहिल्यांदा त्यानेच आणली. दाताच्या डॉक्टरसारखा तो पेडलांच्या त्या ताटापुढे उभा राहतो, केस मागे सारतो आणि बटण दाबतो. वय पन्नाशीच्या पुढे, गुडघे कुरकुरतात, आणि पायात पांढरे बूट. तुमच्या गाण्याच्या पार्टीचं नाव बदलून त्याने पुढे ‘फ्यूजन’ लावलं आहे. कशाचं कशाशी, हे मी विचारलेलं नाही. त्यालाही ठाऊक नसेल.

तुमचं इको मशीन आठवतं मला. नागपूरहून जुनं आणलेलं, ट्रंकेएवढं. आत टेपचा एक पट्टा गोल-गोल फिरायचा आणि वाजलेला सूर थोड्या वेळाने परत म्हणायचा. पट्टा झिजून तुटला, की तुम्ही तो स्वयंपाकघरात आणून जोडायचात, कारण घरात सपाट, गुळगुळीत वस्तू एकच होती, आईचा पोळपाट. मी दारात बसले आहे, स्टोव्ह फरफरतो आहे, कणकेचा गोळा परातीत वाट बघतो आहे, आणि तुम्ही श्वास रोखून ब्लेडने टेपचं टोक तिरकं कापता आहात. आई म्हणते, “आहो, मले पोळ्या लाटू द्या ना. लेकरं उपाशी बसून राह्यले.” तुम्ही वर न बघता म्हणता, “दोन मिनिटं थांब ना व. हे जुळलं का गाणंच लाटून देतो तुले.” आई हसत नाही, पण थांबते. त्या रात्रीच्या पोळ्यांना पिठाबरोबर थोडी टेपची काळी भुकटीही लागलेली असणार. आम्ही खाल्ल्या. मांडीवर आडवी गिटार घेऊन तुम्ही लोखंडी नळीने तार दाबत तो सूर काढायचात, तेव्हा त्या पट्ट्याचा जोड दर फेरीला ‘टक्’ करायचा. आम्हाला वाटायचं, तो गाण्यातलाच आहे.

दिवसभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये ग्रीसमध्ये हात घालून तुम्ही मला कॉन्व्हेंटमध्ये घातलंत. तिथल्या सिस्टरच्या पियानोवर लाकडी मनोरा होता आणि त्यात काटा डोलायचा, टिक-टिक. सिस्टर म्हणायच्या, काटा कधी चुकत नाही, चुकता ते तुम्ही. मी तेव्हा सहावीत असेन. शाळेतून आले आणि तुमच्या तालमीत सगळ्यांसमोर शहाणपणा केला, “बाबा, तुमचं गाणं पळतं. सुरुवातीला हळू असतं आणि शेवटी केवढं तरी जोरात.”  तुम्ही गिटार खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलंत, की मला घरी जावंसं वाटलं. “पळून नाही राह्यलं ते. चढून राह्यलं. माणूस गडावर चढते तं छाती धडधडते का नाही? काटा डोंगर चढत नाही, पोरी.” मग पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवसापासून मला तुमची ती गाणी तशीच ऐकू येतात. दर कडव्याला ढोलकी एक पायरी वर जाते, कोरस तिच्यामागे, टाळ्या कोरसमागे, आणि शेवटच्या कडव्यात मंडपातल्या म्हाताऱ्याही उभ्या असतात.

यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला तुमचं स्वतःचं गाणं, तुम्ही रचलेलं शेवटचं, वाजवायचं ठरलं. आधीच्या रविवारी दुपारी विहाराच्या सभागृहात तालीम होती. मी बुलढाण्याहून मुद्दाम गेले. ढोलकीवर तुमचेच जोडीदार काका. ते म्हातारे झालेत, पण नम्र झालेले नाहीत. अजून मिशीला रंग लावतात आणि अजून चहा फुका म्हटल्यावर दोन मागतात. धाकट्याने बटण दाबलं, लाल दिवा लुकलुकला, गाणं सुरू झालं. पहिलं कडवं खरोखर देखणं वाजलं. दुसऱ्याला काकांनी लय चढवली. डबी बापडी पहिल्याच चालीने मोजत राहिली. मग प्रतिध्वनी मागे आणि गाणं पुढे, थरथर तिसरीकडेच. तिसऱ्या कडव्यात तर एकाच दारातून पाच जण एकदम बाहेर पडताहेत, असा गोंधळ झाला. धाकट्याने हात वर करून सगळं थांबवलं.

आता त्याने काय करावं, बाबा? चुकलं त्याचं, थांबवलं त्याने, आणि दोष ढोलकीला. म्हणाला, “काका, तुम्ही पळून राह्यले. हा हेडफोन घाला. याच्यात टिक-टिक येते, तिच्यावर वाजवा.”

काका म्हणाले, “म्या नवरदेवाच्या घोड्याले ताल देल्ला, आता तुह्या डब्बीचा गुलाम होऊ? काऊन बे?”

“मंग राहू द्या. ढोलकी मोबाइलात हाये माह्या. जयंतीले तीच लावतो.”

काकांनी ढोलकीला खोळ घातली आणि बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसले. बाकीचे सगळे वायरींकडे बघू लागले. तुमचं गाणं मोबाइलातल्या ढोलकीवर वाजणार होतं, आणि ते पहिल्या कडव्यावरून शेवटच्यापर्यंत सपाट रस्त्याने जाणार होतं, कारण तुमच्या मुलाला तेवढंच जमतं. मला राग आला असं म्हणणार नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. मला त्याची कीव आली आणि कीवसुद्धा फार नाही.

मी विचारलं, “मधातच पुन्हा दाबलं तं काय होते?”

“नवा ताल धरते. पण ताई, दर कडव्याले कोन दाबन? एक पाय डबीबाहेरच्या चौथ्या, वाव-वाव करायच्या पेडलवर असते माहा. मी वाजवू का नाचू?”

“म्हणजे डबी बरोबर हाये. तूच पुरत नाहीस.”

तो हसला. माझ्या वयाच्या बाईने वायरींबद्दल बोलावं याचं त्याला हसू येतं. मी खुर्ची ओढली, चपला काढल्या, डबी वायरीसकट माझ्या पायाशी घेतली आणि काकांना हाक मारली. ते लगेच आले नाहीत. रुसण्याचा त्यांचा हक्क त्यांनी पुरता वापरला. आल्यावरही सूड म्हणून लय नेहमीपेक्षा जास्त चढवली, आणि मी त्यांच्या ढोलकीच्या थापेबरोबर पायाच्या अंगठ्याने बटण दाबत गेले. दर कडव्याच्या तोंडाशी तीन थापा, तीन दाब. ताल बदलताना प्रतिध्वनीचा सूर क्षणभर वाकडा होऊन ‘कुंई’ करायचा. कोरसमधल्या मुली खिदळायच्या. दुसऱ्या वेळेपासून ती कुंईसुद्धा चढणीचीच वाटू लागली. शेवटच्या कडव्यात पेडलं पोहोचली, काका पोहोचले, कोरस पोहोचला. बोटं मागे राहिली ती तुमच्या चिरंजीवांची. म्हणाला, “ताई, जरा हळू घे ना.” काका म्हणाले, “बूट काढ बे, मंग चढता येईन.”

जयंतीच्या संध्याकाळी मी पांढरी साडी नेसून स्टेजच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसले, पायाशी डबी. रोहिणखेडहून आलेल्या पाहुण्यांना वाटलं, मी अध्यक्ष. एकाने येऊन हारही घातला. निवेदक, गॉगल अंधारातही न काढणारा, त्याने माझी ओळख ‘टेक्निकल टीम’ अशी करून दिली. टीम म्हणजे मी एकटी. समोरच्या रांगेत पुढारी मोबाइल बघत होते, त्यांच्यामागे त्यांची माणसं पुढाऱ्यांना बघत होती, आणि आपल्या गल्लीतल्या बाया सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या, कारण खुर्च्या कधी त्यांच्यापर्यंत येतच नाहीत. तुमचं गाणं सुरू झालं. तिसऱ्या कडव्याला मागून टाळ्या आल्या. चौथ्याला त्या बाया खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आल्या आणि पुढाऱ्यांना मोबाइल खिशात घालून उठावं लागलं. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही; ढोलकीशिवाय त्यांना काही दिसत नव्हतं. धाकट्याने बूट काढले होते. गाणं संपल्यावर टाळ्यांना त्यानेच वाकून नमस्कार केला, तीनदा. वर मला म्हणाला, “पाहिलं का ताई, मशीनची कमाल?”  त्याच्या समजुतीचं ओझं त्याचं त्यालाच वाहू दे.

हे सगळं भिंतीवरच्या तुमच्या फोटोसमोर मोठ्याने वाचून दाखवायचं म्हणून लिहायला बसले होते. आता वाचणार नाही. तुम्ही गेल्यापासून ते गाणं कुठेही लागलं, लग्नात, टेम्पोत, कुणाच्या मोबाइलवर, की पहिल्याच ओळीला माझा पदर डोळ्यांना जातो. घरात यावरून माझी थट्टा होते आणि मला ती आवडते. त्या संध्याकाळी मात्र पहिल्या थापेपासून शेवटच्या थापेपर्यंत मला तुमची एकदाही आठवण आली नाही, बाबा. थापेवरून लक्ष काढता येत नव्हतं. आणि पुढच्या जयंतीला ती खुर्ची मी कुणाला देणार नाही.