आलेच मागून

रविवार, ५ जानेवारी. सकाळी ६.४०

...दूध गॅसवर होतं म्हणून मी गेले नाही, एवढंच. सव्वापाचला नळाला पाणी आलं होतं. पिंप भरलं, दोन कळशा भरल्या, ओटा पुसला, कणीक मळून झाकून ठेवली. हे दारात बसून बुटाची नाडी बांधत होते. म्हणाले, चल ग, ओढ्यावरच्या मोरीपर्यंत जाऊन येऊ, आज थंडी कमी आहे. मी म्हटलं, व्हा पुढे, आलेच मागून. मग दूध वर आलं. मग भांडं उतरवलं. मग म्हटलं आता चहाच टाकते, येतीलच. रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्याशी हे पडलेले एका टेम्पोवाल्याला दिसले. अर्धा तास तरी तसेच असावेत, असं डॉक्टर म्हणाले.

दोन वर्षं झाली. आज हे लिहायचं नव्हतं. शिट्टीमुळे डोकं भलतीकडे गेलं.

विषय शिट्टीचा आहे. आमच्या बिल्डिंगखालून रोज पहाटे बायका पळतात. सोमाटण्यात बायकांना आता हेच उरलं आहे. पुढे बांगड्यांच्या दुकानवाली शमीम, तिच्या गळ्यात शिट्टी. मागे पंधरा-वीस जणी. कुणाच्या घरी दूध नाही, पाणी नाही, माणसं नाहीत, असं दिसतं.

सोसायटीच्या सेक्रेटरीकडे लेखी तक्रार करायची आहे. मुद्दे किमान पाच. त्यासाठी ही वही. तळमजल्यावरची स्नेहल माझ्या बाजूने आहे. तिची झोप मोडते. बिल्डिंगमध्ये ती एकटी शहाणी.

मंगळवार, ७ जानेवारी. पहाटे ५.३५

निरीक्षण. बायका सतरा. पळणाऱ्या नऊ, बाकीच्या नुसत्याच लगबगीत असल्यासारखं दाखवणाऱ्या. समोरच्या ब्लॉकमधली अनिताही आहे. एम.कॉम. झालेली मुलगी, अकाउंट्सची नोकरी, आणि पहाटे हा उद्योग.

झाडाला बोर्ड लावला आहे: ‘माहिला धावपट्टू ग्रुप’. दोन शब्दांत दोन चुका. माझं शिक्षण चौथी. पुढचं सगळं मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले, पण पट्टू कधी लिहिलं नाही. हा मुद्दा क्रमांक दोन.

सगळ्यांत शेवटी धोंडाबाई. वय बहात्तर. नऊवारी लुगडं, कासोटा घट्ट, आणि खाली गुलाबी बूट. आयुष्यभर शेतात वाकलेली बाई, म्हातारपणी आराम करायचा तर ही पळते. मला खिडकीत बघून रस्त्यावरूनच ओरडली, ये सुगंधे, वरनं काय बघतीस गं चोरून? खाली ये की, लय मजा येतीय!

पडदा ओढला. फटीतून निरीक्षण पूर्ण केलं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू. मला बोलावणं नाही. मी जाणारही नव्हते. मला वेळही नव्हता. दुपारी जुनंच पुस्तक पुन्हा वाचलं. वाचनालय मोरीच्या पलीकडे आहे. दोन वर्षांत जाणं झालं नाही. तिकडे कुत्री फार. शिवाय हल्ली चांगली पुस्तकं येत नाहीत.

संध्याकाळी शमीम आणि धोंडाबाई दारात. तिळगूळ दिला. आणि ग्रुपचं वाण म्हणून हातावर काय ठेवलं, तर मोजे! पायमोज्यांचा जोड! मी म्हटलं, मला वाण चालत नाही, माहीत आहे ना? धोंडाबाई म्हणाली, मला बी न्हाई चालत. पर पायाला काय म्हाईत, कोन सवाष्ण आन् कोन न्हाई? आणि स्वतःच्या विनोदावर जिना उतरेपर्यंत हसत राहिली.

वाण म्हणून मोजे. या बायकांना ताळतंत्र राहिलेलं नाही.

रात्री घालून पाहिले. फक्त माप बघायला. बरोबर बसतात.

शुक्रवार, १७ जानेवारी. सकाळी ७.१५

तक्रारीला वजन यावं म्हणून आत शिरून माहिती काढायचं ठरवलं. एकच दिवस. गेले.

मी पळाले नाही. पुढच्या बाईशी बोलायचं होतं आणि ती पुढे जात होती, म्हणून माझा वेग वाढला. एवढंच.

आढळलेल्या गोष्टी: आधी दहा मिनिटं हातपाय झटकतात. मग पळतात. मग केळी खातात. मग फोटो. फोटोला पळण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. सासवांच्या चुगल्या पळता पळता करतात, त्यामुळे अर्धवट ऐकू येतात. पळून ताकद येते म्हणतात, ती कसली ते कळलं नाही. शमीम म्हणाली, मावशी, छान दम आहे तुमच्यात. मी म्हटलं, तो मी जिना चढून कमावलेला आहे.

सगळ्याजणी मोरीवरून पुढे गेल्या. मी मोरीच्या अलीकडे, पिंपळापाशी थांबले. त्या परत आल्यावर सामील झाले.

मंगळवार, २८ जानेवारी

दहावा दिवस. माहिती गोळा करणं चालू आहे.

अनिताने तिचे जुने बूट दिले. नको म्हटलं. ठेवून गेली. साडीवर बूट विचित्र दिसतात म्हणून पेटीतून पंजाबी ड्रेस काढला. हे गेल्यावर पहिल्यांदाच. इलाज नव्हता, बुटांची शोभा जाऊ नये म्हणून.

पिंपळापाशी थांबले तर धोंडाबाईही थांबली. विचारलं, हितंच का गं अडतीस रोज? मी म्हटलं, पुढे कुत्री आहेत. ती मोरीकडे बघत म्हणाली, कुटं हायत? मला तर एक बी दिसंना. मी म्हटलं, तुमची नजर आता कमी झाली असेल. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत दोष नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्याच वर्षी झालंय, हे मला माहीत होतं.

रविवार, २ फेब्रुवारी

बातमी. २३ तारखेला यांची ‘रन’ आहे. सोमाटण्याहून बेगडेवाडी स्टेशनच्या बाजूला जाऊन दुसऱ्या रस्त्याने परत, पाच किलोमीटर. लोणावळ्याचा बायकांचा ग्रुपही येणार. म्हणजे चिक्कीची पाकिटं आणि आणखी फोटो.

फॉर्म भरला. तक्रारीला जोडायला एक प्रत हवी म्हणून. फॉर्मवर लिहिलं होतं, अडचणीत कुणाला फोन करायचा. मला एकच नंबर पाठ आहे, आणि तो आता कुणी उचलत नाही. मी ‘निरंक’ लिहिलं. शमीमने ते खोडून स्वतःचा नंबर घातला. मला विचारलंही नाही. आगाऊ बाई.

पण मुख्य गोष्ट वेगळीच. कामांची यादी वाचली गेली. शिट्टी: शमीम. पाणी: अमुक. केळी: तमुक. आणि स्वीपर: अनिता.

माझ्या कानांवर विश्वास बसेना. घरी येऊन शब्दकोश काढला. स्वीपर: झाडणारा, झाडूवाला. खात्री झाली. एम.कॉम. मुलीच्या हाती झाडू! आणि ती मान हलवून हो म्हणाली! केळ्यांची सालं फेकणाऱ्या या, आणि झाडणार कोण, तर गरीब स्वभावाची अनिता.

बायकांच्या एकजुटीच्या गप्पा मारतात! मुद्दा क्रमांक एक आता हाच. स्नेहलला सांगितलं. ती पायरीवर चहा पीत होती. म्हणाली, सुगंधाताई, यांचं पितळ उघडं पाडाच. सगळ्यांसमोर.

पाडणार. लोणावळ्याच्या बायकांसमोरच.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज चार किलोमीटर. पिंपळापर्यंत पाच फेऱ्या मारून. शमीमने सुचवलं होतं की मोरीवरून सरळ गेलं तर एकदाच जावं लागेल. मी म्हटलं, मला फेऱ्या आवडतात.

एक हिशोब मांडला. धोंडाबाई, गुडघेदुखीवाल्या तिघी, आणि फोटोवाल्या सगळ्या माझ्या मागे राहणार. पहिल्या दहांत यायला हरकत नाही. मला नंबराची हौस नाही. पण पुढे पोहोचल्याशिवाय भाषण कसं करणार?

शनिवार, २२ फेब्रुवारी. संध्याकाळी ७

उद्याचं नियोजन:
सुरुवात सहाला. पहिले दोन किलोमीटर जोरात.
मोरी डोळे मिटून. नाही, पडेन. मोरी उजवीकडे बघत. कठडा डावीकडे आहे.
शेवटी बक्षीस समारंभात हात वर करून बोलायचं. मुद्दे पाठ आहेत.

अनितासाठी बाजारातून नवा खराटा आणला, लांब दांड्याचा. काम करायचंच आहे तर वाकून तरी करायला नको. तो सकाळी शमीमच्या दुकानाच्या शटरला टेकवून ठेवणार. शेवट तिथेच आहे.

तक्रार अजून दिलेली नाही. उद्यानंतर एकदम देऊ.

रविवार, २३ फेब्रुवारी. दुपारी ३

झालं. सविस्तर लिहिते, कारण गैरसमज नको.

सुरुवात जोरात केली, ठरल्याप्रमाणे. पहिल्याच वळणावर धाप लागली. धोंडाबाई शेजारून गेली. जाता जाता म्हणाली, दम खा गं सुगंधे, म्हैस न्हाई लागली मागं! मग गुडघेदुखीवाल्या तिघी गेल्या. मग फोटोवाल्या गेल्या, फोटो काढत.

मागे वळून पाहिलं तर एकटी अनिता. अंगात नारिंगी जाकीट, हातात काही नाही. मला बरं वाटलं. एक तरी माझ्या मागे होती. तरुण मुलगी, आणि हा वेग! हल्लीच्या मुलींत काही दम नाही. मी थांबले की तीही थांबायची, इतकी दमलेली. शेवटी म्हटलं, तू हो ग पुढे, माझं काय. ती म्हणाली, नाही मावशी, मी तुमच्या मागेच आहे.

मग मोरी आली.

कुत्रं नव्हतं. एकही नव्हतं. उजवीकडे बघायचं ठरवलं होतं, ते विसरले. कठड्याचा एक दगड निघाला आहे, तिथे गवत उगवलं आहे. एवढीशी जागा. मला वाटायचं, फार मोठी असेल.

पाय पुढे जाईनात. मी कठड्यावर बसले. किती वेळ ते माहीत नाही. पुढच्या बायका दिसेनाशा झाल्या. अनिताला म्हटलं, अग जा ना, शेवटची येशील. ती बसली नाही, निघालीही नाही. दोन पावलं मागे उभी राहिली. म्हणाली, घाई नाही मावशी. तुम्ही उठाल तेव्हा उठा. मी आहे मागे.

मी तिला सांगितलं की त्या दिवशी दूध गॅसवर होतं. का सांगितलं कुणास ठाऊक. ती एक पाऊल जवळ आली. शहाणी आहे तशी.

मग उठले. गेले पलीकडे. वाचनालयावरून गेले. बंद होतं. पाटी नवी लावली आहे, त्यावर चूक नाही.

शमीमच्या दुकानाशी पोहोचले तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. लोणावळ्याच्या बायका टेम्पोत बसायच्या बेतात होत्या. पण कुणी घरी गेलं नव्हतं. सगळ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. स्नेहलही होती, गाऊनवर शाल घेऊन. धोंडाबाई ओरडली, आली आली! आमची सुगंधा आली!

मी वेळ घालवला नाही. खराटा उचलला आणि बोलले. म्हटलं, मी शेवटची नाही, शेवटून दुसरी आहे, अनिता माझ्या मागे आहे, आणि का आहे? कारण शिकलेल्या मुलीला तुम्ही स्वीपर केलंत! उरलेली केळी स्वतः खाल्लीत आणि सालं झाडायला हिला ठेवलीत! ही तुमची एकजूट?

मग लोणावळ्याची एक बाई खाली बसून हसायला लागली. मग सगळ्याच. धोंडाबाईने डोळ्यांना पदर लावला. शमीमने माझ्या हातातला खराटा हळूच काढून घेतला. म्हणाली, मावशी, धावण्यात जी सगळ्यांत शेवटची असते, तिच्या मागून एकीने यायचं असतं. ती कितीही हळू चालो, बसो, रडो, तिला ओलांडून जायचं नाही. रस्त्यात कुणी एकटं राहू नये म्हणून. त्या मागच्या बाईला स्वीपर म्हणतात.

मी अनिताकडे पाहिलं. ती बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी बांधलेलीच होती.

म्हणजे मी शेवटची. मोजणीत अनिताला धरतच नाहीत.

शब्दकोशात हा अर्थ नाही. प्रकाशकाला लिहायला हवं.

रविवार, २३ फेब्रुवारी. संध्याकाळी ६

पाय उचलत नाहीत. जिना बसून चढले. मेडल सगळ्यांनाच देतात, त्यामुळे त्याला किंमत नाही. मोजे धुऊन वाळत घातले. खराटा धोंडाबाईने अंगणासाठी नेला.

तक्रारीचा कागद काढला. पाच मुद्दे वाचले. सही घ्यायला म्हणून स्नेहलकडे गेले, तर ती पलंगाखालून जुने बूट शोधत होती. मला बघून म्हणाली, सुगंधाताई, मी फक्त एकच दिवस जाणार, माहिती काढायला.

मी म्हटलं, तुला पळणं जमणार नाही. पहाटेचा गजर लावला असशील तो बंद कर आणि झोप. ती म्हणाली, पण मी फार हळू आहे हो. सगळ्यांच्या मागे राहीन.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सव्वापाचला पाणी आलं. पिंप भरलं. दूध तापायच्या आत गॅस बंद केला. जिना उलटा उतरले, पाय वाकत नव्हते. शमीमने शिट्टी वाजवली. सगळ्या पुढे गेल्या, स्नेहल शेवटी. मी तिच्या मागून गेले.