गाठीची भूक

नाना,

आपल्या तापीकाठच्या गावात लोक आजही तुमच्या वैद्यकीचं नाव काढतात, तेव्हा मला आईचे वाळलेले हात आठवतात. तिच्या छातीतल्या गाठीसाठी तुम्ही स्वतःच्या बायकोचं अन्न तोडलंत. दिवसाला दोन वाट्या मुगाचं कढण, बस. ओसरीवर केळीचे घड पिकताहेत आणि ती चुलीपाशी बसून आम्हा सगळ्यांच्या भाकरी थापते आहे. एका दुपारी ती हळूच म्हणाली, "माले भूक लागनी वं. थोडं दूध दे." मी पेला तिच्या ओठांशी नेला, तोच तुम्ही मागून येऊन हिसकावलात. "तिले नही, गाठले खावाडी ऱ्हायनी तू!" मी बारा वर्षांची होते. दीड महिन्यात आई गेली. गाठ मात्र शेवटपर्यंत वाढत राहिली.

पुढे मुंबईला डॉक्टरकी शिकताना सरांनी सांगितलं, परदेशात अशा गाठींचे पातळ काप साखरेच्या पाण्यात ठेवून पाहिलेत. निरोगी पेशी हवेच्या मदतीने साखर जाळते, थोडकीच तिला पुरते. गाठीतली पेशी मात्र भोवती भरपूर हवा असतानाही साखर नुसती आंबवते, म्हणून तिला ती कितीतरी जास्त लागते. मी उभी राहून विचारलं, "मग रोग्याला उपाशी ठेवलं तर?" सर म्हणाले, "शरीर स्वतःचं मांस मोडून रक्तात साखर सोडत राहतं. गाठीचं काही अडत नाही. झिजतो तो माणूस." गाठ हावरी असते हे तुमचं खरंच होतं, नाना. त्या हावेपुढे तुम्ही माझी आई वाढलीत.

मी डॉक्टर होऊन गावी परतले आणि काही वर्षांनी तुमच्याच गळ्यात गाठ आली. घास उतरत नव्हता, दूध उतरलं असतं. तुम्ही "पोरी, दूध" म्हणालात. मी कढणाची वाटी पुढे केली. "ते तुमले नही, गाठले जाई." तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. तुम्हाला सगळं कळलं होतं. शेवटपर्यंत मी तुम्हाला तेवढंच दिलं, दिवसाला दोन वाट्या. त्या दिवशी मला शांत झोप लागली, आणि त्याची लाज मला आजही वाटत नाही.

हे पत्र मी कुणाच्या हाती लागू देणार नाही. तुम्ही गेल्यावर लोक विचारू लागले, इतके कसे खंगले? मी घाबरले. सांगून टाकलं, त्यांनी आपणहून अन्न सोडलं. तेव्हापासून गाव तुम्हाला साधुपुरुष मानतं, दरवर्षी तुमच्या तसबिरीला हार घालतं. आणि तो हार माझ्याच हातून घालून घेतं.