सगळ्या बँडमधले डॅडी

डेट्रॉइट, रविवार

डॅडी,

"घरी परत येऊ का?" असं तुम्ही कोपनहेगनहून फोनवर विचारलंत, तेव्हा ममाने फोन माझ्या हातात दिला. आज चर्चहून आल्यावर मी तुमच्या रेकॉर्डी लावल्या. मोठ्या बँडची, तिघांच्या जॅझची, चर्चची भजनं गाणाऱ्या गॉस्पेलवाल्यांची. प्रत्येकीत तुमच्या बास वाद्याचा खर्ज खालून सगळ्यांना सांभाळून घेत होता. ममा पाठ फिरवून पालेभाजी ढवळत राहिली.

मग एका नवख्या गायिकेची रेकॉर्ड लागली. मध्येच तिचा दम तुटला. बाकीचे वादक पुढे निघाले. तुम्ही मात्र एकच सूर धरून राहिलात आणि ती सावरल्यावर तिला घेऊनच पुढे गेलात.

"थांबता येतं तर मेल्याला!" ममा म्हणाली. "जगभरच्या लोकांना साथ दिली, आम्हालाच तेवढं टाकून गेला."

मग एप्रन तोंडाला लावून ती बराच वेळ रडली. शेवटी म्हणाली, "ये म्हणावं. पण भांडी तोच घासेल."

पुढच्या फोनवर मी तुम्हाला तेवढंच सांगेन. रडल्याचं कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली आहे. म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील.

तुमची,
अर्नेस्टीन