करप्यावर कडक चहा

२ मार्च, सकाळी
टोमॅटोवर करपा आलाय. पानांवर तपकिरी डाग, कडेने पिवळे. हे पॉलीहाऊस माझ्या हवाली करताना सासरे म्हणाले होते, जावईबापू, ही शेवटची संधी. (मश्रूमबद्दल इथे लिहिणार नाही.) त्यांचं म्हणणं, दुकानातलं औषध मारा. मी चहा मारणार! चहातली कॅटेचिन्स बुरशीला वाढू देत नाहीत, असा रिसर्च आहे. अर्धा वाचला. पुढचं लक्षात आलंच.

३ मार्च
पहिली फवारणी. बिनसाखरेचा, काळाकुट्ट. उन्हात चहाचा जोर जातो, म्हणून रोज दिवस मावळताना, पानं ठिबकेपर्यंत. बायको म्हणाली, अहो, आधी चार रोपांवर करून बघा. हिला सायन्सचं वावडं.

५ मार्च
डाग वाढले. म्हणजे रोग बाहेर पडतोय. चांगलं लक्षण.
सासूबाईंनी विचारलं, डब्यातली चहा पावडर कुठे गेली? मी मांजराकडे बघितलं.

८ मार्च
दोन ओळी आडव्या. डोस कमी पडला, दुसरं काय! उद्यापासून दुप्पट. सासरे दारातून डोकावले, आडव्या ओळी मोजून गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. झोप येत नाही. चहा जास्त झालाय. घाबरलेलो नाही.

९ मार्च
घाबरलोय. हेही गेलं तर मला कोण काय देणार? देवा, एक ओळ तरी वाचव.

११ मार्च, दुपारी
जिंकलो!! टाकीमागच्या कोपऱ्यातली रोपं हिरवीगार. तिथवर माझा पाईप पोचत नाही, म्हणजे नुसत्या वासाने काम केलं! सासऱ्यांना हाताला धरून आणलं. औषधाचा थेंबही लागलेला नाही, असं तीनदा ठणकावून सांगितलं. ही मागून खुणा करत होती. कौतुकाने असणार.

१२ मार्च
त्या कोपऱ्यात ही रोज सकाळी औषध मारत होती. मी उठायच्या आत. आणि काल सकाळीच वडिलांना सांगून बसली होती, यांनी शेवटी तुमचं ऐकलं, औषध यांनीच मारलं. मी फक्त गप्प बसायचं होतं.
सासरे म्हणाले, रात्रभर पानं ओली ठेवलीत, करपा तुम्हीच पसरवलात. पॉलीहाऊसची किल्ली हिच्या हातात दिली. माझ्यापायी ही वडिलांसमोर खोटी पडली. फार लाज वाटते.
हिला विचारलं, मग आता मी काय करू?
म्हणाली, झोपा जरा उशिरापर्यंत. सकाळी मध्ये येऊ नका.