नॉबवरची ग्रीसची बोटं

दादा,

घाबरू नकोस, पडलेबिडले नाही. तलावावर पोहायला गेले आहे, दहापर्यंत येते. दूध तापवून ठेवलंय.

व्यायामाच्या सायकलचं पेडल जड करायचा नॉब रोज रात्री कोण सैल करतं ते कळलं. घाम येईना म्हणून काल मी नॉबला नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. सकाळी ठिपका सरकलेला आणि वर ग्रीसची बोटं. या घरात गॅरेजला कोण जातं, नाव घेत नाही.

आधी डोकंच फिरलं. ट्रायथलॉन तीन आठवड्यांवर आलीय आणि महिनाभर मी हवेतच पाय मारत होते. मग रागारागाने ठिपका पुन्हा जागेवर येईपर्यंत नॉब आवळला आणि चाळीस मिनिटं चालवली. तुला ज्याची धास्ती, तो मांडीतला रॉड जागच्या जागी आहे. पाय थरथरला नाही. नंतर कठडा न धरता जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसून थोडी रडले. ट्रकने उडवल्यापासून इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

म्हणून खरी सायकल भिंतीवरून काढली. बघते तर ब्रेकच्या तारा नव्या, चेनला तेल, टायरात हवा. तो नॉबही तुझाच आणि हेही तुझंच. आता भांडू कशी?

स्पर्धेला यायचंच. कुबड्या गाडीच्या डिकीत टाकून आणशील, तुला मी ओळखते. आण. फक्त माझी शर्यत संपेपर्यंत डिकी उघडायची नाही.

चिंगी