माद्या अजून झोपल्यात

आये, लई दिसांनी तुझ्याशी बोलतीया. गुडघे धरलेत, हातांना भाकऱ्यांचा कंटाळा आलाय, पण जीव खुशीत हाय. माझ्या थोरल्याची पोर नगरला कॉलेजात उंदरांवर अभ्यास करती. पांढरेशुभ्र उंदीर, आपल्या पोत्यातले न्हाईत. त्यांना तोलून मापून खायला घालतात. आपल्याला कुनी घातलं का कधी तसं? तर परवा पोरीनं मला तिकडं न्हेलं. नरांना अन् माद्यांना वजनाच्या मानानं सारखंच झोपेचं औषध टोचलं. मी स्टुलावर बसून बघते, तर नर उठून मिशा पुसायला लागले अन् माद्या आपल्या गपगार. मला काय राहवंना. एका पिंजऱ्यावर टिचकी मारायला गेले, "ऊठ बया, सासू येईल."

नातीनं हात धरला. "आजे, नको. तिचं तिला उठू द्यायचं असतं."

मग सांगत बसली. औषध मोडून टाकणारी एन्झाइमं कलेजीत असतात. ह्या उंदरांत नराच्या हार्मोननं ती जोर धरतात, मादीत सावकाश चालतात. नर खच्ची केला तर तोबी मादीसारखा उशिरापर्यंत लोळतो.

"म्हंजी बडवलेला बैल?"

"तसाच. अन् ते हार्मोन टोचलं की परत लवकर उठतो."

आये, मला तो साथीचा ताप आठवला. बाबांना अन् तुला रातच्याला एकाच बाटलीतलं गुंगीचं औषध. बाबा कोंबड्याबरोबर उठले. उंबऱ्यावर ऊन आलं तरी तू पडलेली, अन् तुझी सासू उशाशी उभी. "सोंग हाय सगळं. माझा ल्योक न्हाई का उठला?" तू भिंत धरून उठतीस, जात्यावर बसतीस, दळता दळता तुझी मान पडती. तवापासून आळशी म्हनून जे नाव पडलं, ते तुझ्याबरोबरच गेलं.

नात म्हनती, उंदराचं माणसाला जसंच्या तसं लावायचं न्हाई. नसंल लावायचं. मी तुझ्यापुरतं लावलं.

हा कागद डाळीच्या डब्याखाली ठेवते, तुझ्या गावाला टपाल जात न्हाई. एक तेवढं सांगते. काल दुपारी दुखण्याची गोळी घेऊन पडले हुते. सुनेनं चहाला हाक मारली, परत मारली. दोन्ही ऐकू आल्या. डोळे मिटूनच पडले. तुझ्या वाट्याची झोप राहिली हुती, म्हनलं, घ्यावी जरा.