पोट गप्प बसलं

३ मार्च
नायिका शेवटचा श्वास घेतेय, मी आवाज अगदी खाली आणलाय, आणि — गुर्रर्र! माझं पोट! काचेपलीकडून ध्वनिमुद्रक म्हणाला, "थांबा. बाईंना पुन्हा मरावं लागेल." मनातल्या मनात मी त्याला 'कान' म्हणते. त्याला सगळं ऐकू येतं. आज नायिका सात वेळा मेली.

मग स्टुडिओच्या मालकीणबाईंनी बाहेर बोलावलं. "तुमचा आवाज हवाय, पोट नकोय. एप्रिलअखेर हे पुस्तक संपलं नाही, तर दुसरीला देईन." बारा वर्षं लोकांना पुस्तकं वाचून ऐकवतेय. बारा वर्षं फुगतेय! दुपारनंतर पँटचं बटण उघडं ठेवूनच माइकसमोर बसते.

५ मार्च
डॉक्टरांच्या तपासण्यांत काहीच निघालं नाही. त्यांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. मी अभिमानानं सांगितलं — सकाळी सफरचंद, गव्हाचा पाव, दूध. दुपारी कांदा-लसूण घालून मसुराचं सूप. बाई हसायलाच लागल्या! "अहो, जंतूंना रोज मेजवानी देताय!" म्हणे, काही कर्बोदकं लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. पाणी ओढतात, तशीच मोठ्या आतड्यात पोचतात. तिथले जंतू ती आंबवतात — की वायू! "सगळ्यांचंच होतं. तुमचं आतडं जरा हळवं आहे, एवढंच."

हळवं आतडं! इतकी वर्षं सगळे 'टेन्शन घेतेस' म्हणून मोकळे व्हायचे.

चार आठवडे कांदा, लसूण, गहू, दूध, सफरचंद, मसूर बंद. मग एकेक परत आणून बघायचं. "जन्मभर नाही हं," बाईंनी दोनदा बजावलं.

६ मार्च
आईला फोन. "हे सगळं सोडून खाणार काय? हवा?"
"हवाच तर सोडायचीय, आई!"
दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

११ मार्च
भात, अंडं, गाजर. भात, अंडं, बटाटा. शी!

१९ मार्च
गप्प! पोट गप्प! सलग बेचाळीस मिनिटं वाचलं. शेवटी कानानं काचेवर टकटक केली — "जिवंत आहात ना?" मग तो मरणाचा प्रसंग पुन्हा घेतला. नायिका एका दमात मेली, बिचारी सुटली! बटण दिवसभर लावलेलं. घरी येताना फुटपाथवर उगाचच पळत सुटले. एक आजोबा घाबरून बाजूला झाले.

७ एप्रिल
तीन दिवस दूध पिऊन बघितलं. काहीही नाही! आणि मी त्याला महिनाभर उगाच शिव्या देत होते.

१३ एप्रिल
सफरचंद — थोडी कुरकुर. अर्धं चालेल.

१८ एप्रिल
चोर सापडला! दुपारी अर्धा कांदा खाल्ला, संध्याकाळी पोटाचा ढोल. दुखत होतं, तरी फुगल्या पोटानं घरभर नाचले. खालच्या शेजारीणबाई वर आल्या, "काय झालं?" म्हटलं, "कांदा!" त्या कपाळाला हात लावून परत गेल्या.

२८ एप्रिल
पुस्तक संपलं! दोन दिवस राखून! मालकीणबाईंनी लगेच पुढचं हातात ठेवलं — आठशे पानांचं. कान म्हणाला, "तुमच्या पोटाशिवाय मला आता चुकल्याचुकल्यासारखं होतंय." लबाड!

३० एप्रिल
आई राहायला आली. मी फुशारकीनं फ्रिजवर लावलेली, काय चालतं-काय नाही याची यादी दाखवली. ती हसेल वाटलं. ती यादी वाचतच राहिली. मग चष्मा काढला, पुसत बसली. "त्या बाई माझ्या वयाच्यांना बघतात का गं?"
"का?"
"चाळीस वर्षं झाली. मला वाटायचं, सगळ्यांचंच असं दुखत असेल."

उद्या अकराची वेळ घेतलीय. तिच्या नावानं.